सवतीच्या नावाचं अळणी

“तू ऊठ गो. तिला बसू दे.”

नवरा मला असं म्हणाला तेव्हा मी त्याच्या खाटेच्या काठावर बसून त्याला पाणी पाजत होते. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. पडवीत लख्ख ऊन आलं होतं. माझ्यामागे कोणी नव्हतं. भिंत होती आणि भिंतीला लावून ठेवलेल्या आंब्याच्या रिकाम्या पेट्या होत्या. तो त्या पेट्यांकडे बघून हसला. तसं हसू मी लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. मग हात लांब करून त्यानं मला ढकललं. अंगात जोर नव्हता, तरी ढकललं.

मी उठले.

पायथ्याशी मावशी बसली होती. मावशी म्हणजे त्याच्या पहिल्या बायकोची धाकटी बहीण. राजापूरहून आली होती. तिनं पदर सारखा केला, हात जोडले आणि पेट्यांना म्हणाली, “आलीस बाय? बस हो, बस.”

तेवढ्यात नवऱ्याचे डोळे वर गेले. दातखीळ बसली. हातपाय ताडताड उडायला लागले, खाट हलायला लागली. तोंडाला फेस आला. मग सगळं अंग एकदम ढिलं पडलं आणि तो घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागला. हाक मारली तर ओ नाही. मला वाटलं, संपला. आणि त्या क्षणी माझ्या मनात आलं ते एवढंच, की मरायचं तर मर, पण तिच्याकडे बघत मरू नकोस.

त्याला तोंडावर मी अहो म्हणते. लिहिताना नवरा म्हणते, कोणाला आवडो न आवडो.

मला बिजवराला दिली. शाळा चौथीपर्यंत, रंग काळा आणि तोंड फटकळ, त्यामुळे दुसरं स्थळ येत नव्हतं. नवऱ्याची पहिली बायको तापानं गेली होती. मागे मुलगा होता, तो अजून रांगतही नव्हता. रत्नागिरीपासून थोडं आत यांचं घर, मागे आंब्याची कलमं, थोडी काजूची झाडं. घरात लेकराला बघायला बाई पाहिजे होती, म्हणून मला आणली. यात लपवण्यासारखं काही नाही, तेव्हा असंच व्हायचं.

लग्नाच्या दिवशी सासूनं माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा टाक घातला. टाक म्हणजे बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई. सासू म्हणाली, “ही तुझी सवत. हिला गळ्यात ठेवायची. नवं लुगडं आधी हिला दाखवायचं, मग नेसायचं. मोसमाचा पहिला आंबा आधी हिला. हिचा मान राखलास तर ही तुझं राखील.” मी मान डोलावली. न डोलावून जाते कुठं?

तेव्हापासून ती माझ्या छातीवर लोंबत होती. रात्री कूस बदलली की टोचायची.

सासू गेल्यावर मी एक काम केलं. टाक काढून तांदळाच्या डब्यात ठेवला. त्या वर्षीच्या गणपतीत नवं पातळ कोणाला न दाखवता नेसले. पुढे पहिला आंबा पिकला तो झाडाखाली उभी राहून मीच खाल्ला, हातावरून रस ओघळेपर्यंत. मग वाट बघितली. काय होतंय बघू म्हटलं. काही झालं नाही. कोंबडीसुद्धा मेली नाही. त्या दिवसापासून माझा भुतावरचा विश्वास गेला, आणि तो फारसा होता असंही नाही.

कारण मी मुलगा वाढवला होता. आईविना लेकरू म्हणजे काय ते मला विचारा. दूध पचायचं नाही, रडून रडून काळंनिळं व्हायचं, मी मांडीवर घेऊन पडवीत येरझाऱ्या घालायचे. शेजारणी म्हणायच्या, “आईचा जीव घुटमळतोय गो पोरात.” मी म्हणायचे, घुटमळतोय तर येऊ दे की, मला जरा डोळा लागेल, ती घेईल पोराला. कधी आली नाही. जी बाई स्वतःचं पोर रडताना आली नाही, ती म्हातारपणी नवऱ्याला न्यायला येते, हे मला कोणी कितीही सांगितलं तरी पटणार नाही.

पण भूत नाही म्हणून तिचा मत्सर वाटत नव्हता असं नाही. उलट जास्त वाटायचा. जिवंत सवत असती तर भांडले असते, तिचे केस पिकलेले बघितले असते, तिचा भात कधी करपला असता. ही कधी म्हातारी झाली नाही. तिचे घावणे म्हणे कापसासारखे व्हायचे. तिचा आवाज म्हणे गोड. भिंतीवर तिचा फोटो आहे, रत्नागिरीच्या फोटोवाल्यानं रंग भरून दिलेला, गाल गुलाबी. तेवढे गुलाबी गाल कोकणात कोणाचे असतात? माझ्या घावण्याला नवऱ्यानं कधी नाव ठेवलं नाही, पण वाखाणलंही नाही. खायचा आणि उठायचा.

हे सगळं मी गिळून होते. मग दोन वर्षांमागे शिमगा झाला आणि त्याला ती स्वप्नात दिसायला लागली.

मला सांगितलं नाही. मावशीला फोन करून सांगितलं. मी चुलीपाशी होते, तो परसात उभा राहून मोबाईलवर मोठ्यानं बोलत होता, त्याला ऐकू कमी येतं म्हणून. “हिरवं लुगडं होतं,” म्हणाला. “काहीतरी मागत होती.” माझं कोणतं लुगडं कुठल्या रंगाचं ते त्याला एक सांगता येणार नाही.

मावशी दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं हजर. तिचा लांज्याकडे एक बघणारा होता. बघणारा म्हणजे तांदळाचे दाणे टाकून कोणाला काय बाधलंय ते सांगणारा. आताच्या काळातला होता, घराचा आणि भिंतीवरच्या फोटोचा फोटो मोबाईलवरच मागवलान. आणि सांगितलान की बाई उपाशी आहे. दुसरीनं तिचा मान सोडलान, म्हणून ती नवऱ्याकडे मागायला येते. उपाय असा: पाडव्यापासून वैशाखातल्या तिच्या तिथीपर्यंत नवऱ्यानं तिच्याबरोबर जेवायचं. तिचं पान आधी वाढायचं. गेलेल्या माणसाच्या घासात मीठ घालत नाहीत, तेव्हा त्यानंही तोवर अळणी खायचं. आणि तिथीच्या दिवशी दिवेलागणीपर्यंत घराचा उंबरा ओलांडायचा नाही.

मी म्हटलं, “त्या भामट्याला विचारा, मी कोणाबरोबर जेवायचं?”

मावशी म्हणाली, “तुझं पोट भरलेलं आहे गो. जिचं नाय तिच्याबद्दल चाललंय.”

 नवरा पाडव्याला सकाळी अंघोळ करून पाटावर येऊन बसला आणि शेजारी दुसरा पाट स्वतःच्या हातानं मांडलान. गुडघे दुखतात म्हणून एरवी पाण्याचा तांब्या उचलत नाही.

आमच्या घरात बाईनं मागून जेवायचं. मी कधी त्याच्या पानाशेजारी पान मांडून जेवले नव्हते. आणि आता रोज दुपारी त्या दोघांची पानं शेजारी शेजारी आणि मी वाढपीण. तिच्या पानावर आधी भात, आधी वरण. मग त्याच्या. मिठाचा कण नाही. तो चवीनं जेवायचा. मी केलेल्या कालवणात मीठ जरा उतरलं तरी ज्याच्या भुवया वर चढायच्या, तो अळणी वरण भुरकायचा आणि वर मला म्हणायचा, “तिला थोडा भात वाढ.” मी वाढायचे. नंतर तो भात कावळ्याला. कावळे आमचे त्या मोसमात चांगले पोसले.

तेव्हा हापूसची काढणी ऐन भरात होती. ऊन मी म्हणत होतं. म्हातारा झाला तरी झाडाखाली उभं राहून गड्यांवर ओरडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. घामानं सदरा भिजायचा, तहान लागायची, तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचा. रक्तदाबाची गोळी चालू होती, तिनं लघवी जास्त होते. डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं की पापड, लोणचं, सुकी मासळी कमी करा. कमी करा म्हणाले होते. त्याचं कोणी बंद करा असं केलंन तर त्यात डॉक्टरांचा काय दोष?

वैशाख लागला आणि त्याचा तोल जायला लागला. डोकं दुखायचं, मळमळायचं. बोलता बोलता शब्द हरवायचा. आणि ती त्याला जागेपणी दिसायला लागली. आधी काजूच्या झाडामागे, मग विहिरीवर, मग सरळ स्वयंपाकघरात, माझ्या पाठीशी. मावशी मुक्काम ठोकून होती. तिला काय आनंद! “मान पोचतोय हो तिला,” म्हणायची. “जवळ येतेय.” आणि जेवढी ती जवळ यायची तेवढी मावशी माझ्यावर नजर ठेवायची, मी चोरून मीठ घालते की काय म्हणून. मी घातलं नाही. हट्टानं घातलं नाही. त्याला तिच्याबरोबर अळणी जेवायचंय ना, जेवू दे.

तो तिच्याशी बोलायचा. मी दाराआडून ऐकायचे. आंब्याला यंदा मोहोर उशिरा आला, हे तिला सांगायचा. उजवा गुडघा कसा दुखतो, रात्री झोप कशी लागत नाही, मरणाची भीती वाटते, हेसुद्धा. ही भीती मला माहीतच नव्हती. मी रोज त्याच्या शेजारी झोपते आणि मला माहीत नव्हतं.

मुलगाही त्यात सामील झाला. त्याचा टेम्पो आहे, पेट्या पोचवतो, स्वतः आता नातवंडं होतील या वयाचा. मला आई म्हणतो. तोही एक दिवस बापाच्या खाटेशी बसून हळूच विचारत होता, “बाबा, माझ्याबद्दल काय म्हणाली?” म्हातारा म्हणाला, “मोठा झाला म्हणाली.” मुलाचे डोळे भरून आले. मी तिकडून उठले आणि परसातली सगळी भांडी परत घासली.

अशा गोष्टी चालल्या होत्या, आणि तिची तिथ उजाडली, आणि त्यानं मला खाटेवरून उठवलं.

त्याला झटका येऊन गेल्यावर मुलगा धावत आला. मी म्हटलं, “टेम्पो काढ. इस्पितळात न्यायचा.”

मावशी मध्ये उभी राहिली. “आज उंबरा ओलांडायचा नाय. सांगितलान ना त्यानं? दिवा लागेपर्यंत. बाहेर काढलात तर घेऊन जाईल ती.”

“आणि घरात ठेवला तर काय, परत आणून सोडील?”

“तू पहिल्यापासून जळतेस तिच्यावर.”

“जळते. नवरा माझा आहे. मी जळायचं नाय तर काय तू जळायचं?”

मुलगा दोघींच्या मध्ये उभा. घामाघूम. म्हणाला, “आई, दुपार होतच आली. थांबूया काय दिव्यापर्यंत? तो बघणारा म्हणाला होता की...”

“त्या बघणाऱ्याला मर्तिकाला बोलव,” मी म्हटलं. “मेल्या, तुझ्या बापाचे ओठ निळे पडलेत, ते बघ. त्यात तिचा काय मान आहे? टेम्पो काढतोस की मी याला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत चालू?”

तो हलेना. मी खरंच नवऱ्याच्या काखेत हात घातले आणि ओढला. सत्तरी उलटलेली बाई मी, कंबर गेलेली. अर्धा खाटेवर, अर्धा माझ्या अंगावर, असे आम्ही दोघं जमिनीवर बसलो. तेव्हा मुलगा रडत रडत पुढे आला आणि त्यानं बापाला उचललं.

उंबरा ओलांडला. काही झालं नाही. मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे पाहिलं. मग ती आपणहून मागे टेम्पोत चढली आणि त्याचे पाय मांडीवर घेऊन बसली. मी डोकं घेतलं. टेम्पो रत्नागिरीकडे निघाला. वाटेत परत एकदा त्याचं अंग उडालं, तेव्हा आम्ही दोघींनी त्याला धरून ठेवलं.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. रक्त काढलं, सुई लावली, डोक्याचा फोटो काढला. मग आम्हाला बोलावून विचारलं, “आजोबा काय जेवतात?”

मुलगा जमिनीकडे बघायला लागला. मावशी छताकडे. मी सांगितलं. पाडव्यापासून अळणी, घाम, पाणी, गोळी, आणि कोणाच्या नावानं, तेही सांगितलं. मला कसली लाज?

तिनं कागदावरचे आकडे परत एकदा पाहिले. मग म्हणाली, “आजी, यांच्या रक्तातलं मीठ पार खाली गेलंय. साधं मीठ. ते एवढं उतरलं की माणूस भ्रमतो, नसलेली माणसं दिसतात, झटके येतात. आज नसतं आणलं तर गेले असते.” आणि ते एकदम भरून काढता येत नाही, एकदम केलं तर मेंदूला इजा होते, हळूहळू चढवावं लागेल, असं तिनं समजावलं.

मुलगा तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. मावशी थोड्या वेळानं माझ्या कानाशी लागली. “बघितलंस? मीठ चढवल्यावर पळणारच ती. मिठाला गेलेली माणसं घाबरतातच.”  मी तिला म्हटलं, “जा, चहा घेऊन ये.” ती गेली आणि घेऊन आली. साखर जास्त घालून.

मीठ चढायला लागलं तसा नवरा माणसात आला. आधी कोणालाच ओळखीनासा होता, मग मुलाला हाक मारलीन, मग मला. मी वाटीनं पेज भरवत होते, मीठ घातलेली. खात होता, पण डोळे सारखे दाराकडे.

“आज ती आली नाय,” म्हणाला.

“नाय.”

“काल पण नाय.”

मी चमचा पुढे केला. त्यानं तोंड मिटलं.

“काय करत्येस गो तू मला?”

“मी काय करणार? तुमचं मीठ उतरलं होतं. म्हणून दिसत होतं. आता चढलं. डॉक्टरीणबाईनं सांगितलान ना?”

त्याला कळलं. तसा हुशार आहे. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. खांदे हलत होते. माझ्या सासूच्या वेळी, माझी दोन पोरं पोटातच गेली तेव्हा, कधी मी त्याला रडताना पाहिला नव्हता. शेजारच्या खाटेवरची बाई मला खुणेनं विचारत होती, काय झालं? मी म्हटलं, पोट दुखतंय त्यांचं.

दोन दिवसांनी घरी सोडतो म्हणाले. त्या दुपारी मुलगा औषधं आणायला गेला होता, मावशी राजापूरला परतली होती. नवऱ्यानं माझा हात धरला. आपणहून. मी हातातली केळ्याची साल तशीच धरून बसले, हलले नाही.

तो हळू आवाजात म्हणाला, “अगो, घरी गेल्यावर... मीठ जरा कमीच ठेवलंस तर? मरण्याएवढं नाय. थोडंसंच कमी.”

त्यानं माझा हात त्यासाठी धरला होता.

मी हात काढून घेतला. म्हटलं, “नाय ठेवणार.”

“कधीतरीच.”

“एक दिवस नाय. जिवंत बाईनं रांधलेलं जेवायचं तर मिठासकट जेवायचं. नायतर चला, आत्ता सांगा, मी जाते माहेरी मालगुंडला, तिला म्हणावं ये आणि पेज भरव.”

त्यानं चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग थोड्या वेळानं म्हणाला, “माहेरी कोण आहे तुझं आता?”

“कोणी नाय,” मी म्हटलं. “तरी जाईन.”

घरी आल्यावर मी दोन पाट मांडले. एक त्याचा आणि शेजारचा माझा. तो बघत राहिला. मी बसले आणि आधी माझ्या पानावर वाढून घेतलं, मग त्याच्या. लोकांची सवय मोडते तशी त्याचीही मोडली. आता तसंच जेवतो. बोलत फारसं नाही. ती दिसते का, असं मी विचारत नाही आणि तो सांगत नाही. फोटोकडे बघत बसतो कधी कधी. मला अजून राग येतो. मेलेल्या बाईवर या वयात राग धरणं मूर्खपणा आहे, पण येतो.

मावशी गेल्या पावसाळ्यात साखरेच्या दुखण्यानं गेली. नवरा आहे. मुलगा आहे. मी आहे.